ग्रंथालयामागचं दार

त्या घरात संध्याकाळी कुकरला शिटी करायची परवानगी नव्हती.

कायदा लेखी नव्हता. पण लेखी कायद्यांचं काय होतं ते आपण रोज पाहतो. हा मात्र कडक पाळला जाई. कुकर दुपारीच उरकायचा. दाराच्या घंटीची वायर काढून ठेवलेली. नळ बारीक सोडायचा, मिक्सरचं तर नावही काढायचं नाही, आणि शिंक आलीच तर उशीत तोंड खुपसून द्यायची. सात वाजता हॉलमध्ये ‘परखड’ सुरू व्हायचा. ‘परखड’ म्हणजे स्वतंत्र, निर्भीड, कुणाच्या बापाला न भिणारा कार्यक्रम. त्याला भीती होती ती फक्त कुकरची.

हा कार्यक्रम करणाऱ्या गृहस्थांना लोक परखडरावच म्हणत. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी एका मोठ्या दैनिकात राजकीय बातमीदारी केली, मग एका वाहिनीवर गेले. तिथे एके दिवशी मालकांचा निरोप आला की अमुक मंत्र्यांना तमुक प्रश्न विचारायचा नाही. परखडरावांनी तोच प्रश्न विचारला, दोनदा विचारला, राजीनामा टेबलावर ठेवला आणि लिफ्टची वाट न पाहता जिन्याने उतरले. यात काडीची अतिशयोक्ती नाही. माणूस खरोखर धीट होता. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे त्याचा विसर पडण्याचा संभव आहे.

तो प्रश्न त्यांच्या बायकोने शोधला होता. ती त्याच दैनिकात उपसंपादक होती. बातमीदारांनी आणलेलं लांबलचक लिखाण कापून-छाटून बातमीच्या आकाराला आणणं हे तिचं काम. तिच्या हाताखालून गेलेल्या बातमीत एकही विशेषण जिवंत राहत नसे, म्हणून डेस्कवर तिला ‘कात्री’ म्हणत. मंत्र्यांची दोन भाषणं शेजारी ठेवून ती सकाळच्या चहाला म्हणाली होती, “हे दोन्ही खरं असेल, तर तो पूल एकाच वेळी बांधून झालाय आणि पडलायसुद्धा.” एवढाच तो प्रश्न. त्याने सरकार हललं नाही, पण परखडरावांचं नाव झालं.

नवऱ्याने नोकरी सोडली, तेव्हा तिनेही सोडली. “वर्षभराचा प्रश्न आहे,” ते म्हणाले होते. “आपला कार्यक्रम उभा राहू दे, मग तू परत जा.” कामाच्या वेळी परखडराव ‘आपण’ म्हणत आणि सत्काराच्या वेळी ‘मी’. यात लबाडी नव्हती, सवय होती. लबाडी असती तर निदान पकडता आली असती.

तेव्हापासून ती वहिनी झाली. प्रेक्षकांची वहिनी, पाहुण्यांची वहिनी, सत्ताधाऱ्यांची आणि विरोधकांचीही वहिनी. इतक्या लोकांची वहिनी व्हायचं म्हणजे दुसरं काही व्हायला जागा उरत नाही. आपणही त्यांना वहिनीच म्हणू. प्रवाहाविरुद्ध पोहण्याचं वय आता गेलं.

घर लहान. हॉलच्या एका भिंतीला खिडकी, आणि खिडकीखाली गॅरेज. तिथे दिवसभर पत्रा ठोकत. दुसऱ्या भिंतीला ओल. तिसरीत आतल्या खोलीचं आणि स्वयंपाकघराचं दार. उरली चौथी, आणि तिच्यात घराचं बाहेरचं दार होतं. परखडरावांनी त्या दारावरूनच पडदा सोडला. पडद्यावर ग्रंथालय छापलेलं होतं, जमिनीपासून छतापर्यंत जाडजूड पुस्तकं. कुठल्या भाषेतली ते कळत नसे, पण वजन दिसे. पडद्यापुढे खुर्ची, खुर्चीपुढे टेबल, त्यापुढे दिवे आणि कॅमेरा. एकदा पडदा सोडला की घरातून बाहेर पडायची वाट एकच: परखडरावांच्या पाठीमागून, लाखो लोकांच्या डोळ्यांदेखत, ग्रंथालयातून. त्यामुळे कुणी बाहेर पडत नसे.

“आणि आग लागली तर?” मुलीने एकदा विचारलं होतं. ती दहावीत होती आणि तिला प्रश्न पडत.

“लागणार नाही,” परखडराव म्हणाले.

मंत्र्याने असं उत्तर दिलं असतं, तर त्यांनी त्याला सोलून काढलं असतं.

कार्यक्रम चालू असताना वहिनी स्वयंपाकघरात, ओट्याला टेकून ठेवलेल्या स्टुलावर बसत. पुढ्यात लॅपटॉप, कानांवर हेडफोन, ओठांशी माइक. हॉलमध्ये परखडरावांच्या उजव्या कानात शेंगदाण्याएवढं एक बटण. पाहुणा समोरच्या स्क्रीनवरून बोलू लागला की वहिनी कुजबुजत: “मार्चमध्ये बरोबर उलटं बोललेत. ते काढ.” किंवा, “थांब, त्यांना पाणी पिऊ दे. हं, आता विचार.” प्रेक्षक थक्क होत. काय ती स्मरणशक्ती, काय तो नेम! कानमंत्र देणारे गुरू लोकांना माहीत असतात. इथे गुरू कांद्याच्या टोपलीशेजारी बसलेला होता.

यंत्र एकमार्गी होतं. वहिनी बोलत ते परखडरावांना ऐकू येई, पण त्यांना उलट बोलता येत नसे. हे जरा लक्षात असू द्यावं.

मग आप्पा पडले.

आप्पा म्हणजे परखडरावांचे वडील. आयुष्यभर शाळेत कवायत शिकवली. त्यांच्या एका आरोळीवर मैदानभर पोरांचे पाय एकदम पडत, आणि शेजारच्या गल्लीतले लोकही चुकून ताठ उभे राहत, अशी ख्याती. पण मुलाच्या घरी राहायला आल्यापासून त्यांनी आवाज घडी करून ठेवून दिला होता. संध्याकाळी ते खोकलाही गिळत.

एका संध्याकाळी ते न्हाणीघरात घसरले. वहिनींच्या कानांवर हेडफोन होते, मुलगी शिकवणीला गेलेली. कार्यक्रम संपल्यावर वहिनी पाणी आणायला उठल्या, तेव्हा दाराच्या फटीतून त्यांना आप्पांचा हात दिसला. म्हातारा ओल्या फरशीवर पडून होता. पाय मोडला होता आणि धोतराचा सोगा दातांत घट्ट धरलेला होता.

“आप्पा, हाक का नाही मारलीत?”

“कार्यक्रम चालू होता ना,” आप्पा म्हणाले. आणि मग, शाबासकीची वाट पाहणाऱ्या पोरासारखे, “मी मुळीच आवाज केला नाही हं.”

दुसऱ्या दिवशी परखडरावांनी ही हकीकत प्रेक्षकांना सांगितली. स्वतंत्र पत्रकारिता उगीच उभी राहत नाही, माझ्या वृद्ध वडिलांनी तिच्यासाठी वेदना गिळली, असं सांगताना त्यांचा गळा दाटून आला. तो खरोखरच दाटून आला होता. प्रेक्षक रडले. कुणीतरी फुलांची टोपली पाठवली. सांगता सांगता परखडराव अडखळले, कारण मोडलेला पाय कुठला हे त्यांना ऐन वेळी आठवेना.

“डावा,” वहिनी त्यांच्या कानात कुजबुजल्या.

त्यानंतर वहिनी बराच वेळ स्टुलावरून उठल्या नाहीत.

आप्पांच्या पायाचं प्लास्टर निघालं, त्याच आठवड्यात फोन आला. जुन्या दैनिकातले मुख्य उपसंपादक, ज्यांना सगळे ‘लाल पेन’ म्हणत, ते अजून तिथेच होते. काही माणसं निवृत्त होत नाहीत, फक्त त्यांचा चष्मा जाड होत जातो.

“कात्री, डेस्कवर एक जागा झालीय. संध्याकाळची पाळी. येतेस का?”

आपल्याला कुणी हाक मारतंय हे वहिनींना क्षणभर कळलंच नाही.

“मला अजून जमेल का?”

“ते मी बघीन. पण सोमवारी सातला खुर्चीत पाहिजेस. नाही आलीस तर मी दुसऱ्या मुलीला हो म्हणणार आहे. ती बरी आहे, पण ‘आमूलाग्र’ हा शब्द तिला फार आवडतो.”

घर पुरोगामी होतं. बायको नवऱ्याला अरे-तुरे करायची आणि सगळे विषय जेवताना मोकळेपणाने निघायचे. हाही निघाला.

“सात वाजता?” परखडराव म्हणाले. “सातला आपला कार्यक्रम असतो.”

“तुझा असतो.”

“असं बोलतेस? मी तुला कधी अडवलंय का?”

“नाही अडवलंस. पडदा लावलास.”

“ही निवडणूक होऊ दे, मग बघू.”

“बाबा, निवडणूक झाली,” मुलगी म्हणाली. “दोन झाल्या.”

“तू जेव. मग अधिवेशन तरी संपू दे.” त्यांनी सुस्कारा टाकला. “आणि मला सांग, ही तुझ्या लायकीची नोकरी आहे का? तिथे बसून स्वल्पविराम मारणार?”

“मला आवडतात स्वल्पविराम. तिथे थांबता येतं.”

आप्पा आतल्या पलंगावरून ऐकत होते. त्यांचं पेज पिताना भुरके मारणं थांबलं.

तीन दिवस असं चाललं. रागावणं, ओरडणं परखडरावांच्या स्वभावात नव्हतं. ते फक्त समजावत. दुष्ट माणसाच्या घरातून पळून जाता येतं. समजावणाऱ्या माणसाच्या घरातून निघणं फार अवघड, कारण निघणाऱ्यालाच वाटत राहतं की आपण काहीतरी वाईट करतोय. शेवटी ते म्हणाले, “ठीक आहे. सोमवारी तू जा. मी कुणाच्या स्वातंत्र्याच्या आड येणारा माणूस नाही.” वहिनींना त्या रात्री चक्क झोप लागली.

सोमवारी त्यांनी दुपारचं जेवणखाण उरकलं. साडी इस्त्री केली. माळ्यावरून जुनी ऑफिसची बॅग काढली. तिच्यात एक वाळलेलं बॉलपेन आणि कधीतरी घेतलेली आल्याची वडी निघाली. वडी मुलीने खाल्ली. सहाला घर सोडलं की सात गाठता येणार होते. त्याआधी आप्पांच्या पायाचा व्यायाम करून घ्यायचा, म्हणून वहिनी आत बसल्या.

त्या आप्पांचा पाय गुडघ्यात वाकवत असताना हॉलमध्ये पडद्याच्या कड्या सरकल्याचा आवाज आला.

बाहेर येऊन पाहतात तो ग्रंथालय उभं. दिवे लागलेले. परखडराव कॉलर नीट करत होते.

“अगं, ऐक ना. सत्ताधारी पक्षाचे प्रवक्ते मिळालेत. किती महिने मागे होतो आपण. त्यांना आत्ताच वेळ आहे, साडेपाचला. आठला त्यांचं विमान आहे.”

“मला सहाला निघायचंय.”

“कळतंय मला. फक्त आजचा दिवस.”

“सोमवार आजच आहे.”

“विषय तरी बघ. पत्रकारांची मुस्कटदाबी. आपल्या सगळ्यांच्या जगण्या-मरण्याचा प्रश्न आहे गं. आज तू नसलीस तर तो माणूस मला गुंडाळून खिशात घालील.”

“आणि ते दुसरीला घेतील त्याचं काय?”

“मी बोलू का त्यांच्याशी? मी सांगितलं तर दोन दिवस थांबतील.”

“तू नको बोलूस. तू फार बोलतोस.”

परखडरावांनी बायकोकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, खरीखुरी गयावया होती, आणि तीच वाईट. मग त्यांनी बटण कानात घातलं. त्यांचा चेहरा बदलला. तो आता घरातल्यांसाठी नव्हता. वहिनींचे पाय त्यांना न विचारताच स्वयंपाकघराकडे वळले. बैल जसा संध्याकाळी आपणहून गोठ्यात शिरतो, तशा त्या स्टुलावर जाऊन बसल्या. इस्त्रीची साडी, खांद्याला बॅग, कानांवर हेडफोन.

कार्यक्रम सुरू झाला. प्रवक्ते गोड माणूस होते.

“अहो, आम्ही कुणाचंच तोंड बंद केलेलं नाही,” ते म्हणाले. “कुणाची तक्रार आहे का? असेल तर समोर आणा.”

वहिनी कुजबुजल्या, “तक्रार नाही म्हणजे जाच नाही, असं कसं?”

“तक्रार नाही म्हणजे जाच नाही, असं कसं?” हॉलमधून परखडरावांचा धीरगंभीर आवाज आला. “कित्येकदा माणूस इतका कोंडलेला असतो साहेब, की आपण कोंडलेलो आहोत हे सांगायलाही त्याला दार सापडत नाही.”

हे दुसरं वाक्य वहिनींनी दिलेलं नव्हतं. ते परखडरावांचं स्वतःचं होतं, आणि चांगलं होतं. वहिनींमधल्या कात्रीला त्यात कापण्यासारखं काही सापडलं नाही. आपल्या नवऱ्याला सगळं कळतं, फक्त घराबाहेरचं, हा विचार त्यांच्या मनात आला, आणि तो आल्यावर आत काहीतरी शांत झालं.

त्यांनी माइक जवळ ओढला.

“ऐक,” त्या म्हणाल्या. “आता मी बोलणार आहे, आणि तुला मध्ये बोलता येणार नाही. मी निघतेय.”

हॉलमध्ये परखडरावांचे डोळे किंचित मोठे झाले. स्क्रीनवर प्रवक्ते विकासाबद्दल बोलत होते.

“यांच्यासाठीचे प्रश्न मी कधीच काढून ठेवलेत, तुझ्या डाव्या हाताच्या फायलीत आहेत. चष्मा लाव, अक्षर बारीक आहे. दुसऱ्या पानावर त्यांचं जुनं भाषण आहे, त्यावर ते घसरतील. आप्पांना आठला गोळी. रात्रीचा कुकर मी लावलेला नाही, पोरगी लावेल. शिटी होईल. होऊ दे.”

परखडरावांनी मान हलवली. दुसरं काही करणं त्यांना शक्यच नव्हतं.

“बघा, तुम्हालाही पटतंय,” प्रवक्ते खूश होऊन म्हणाले.

“आप्पा ओल्या फरशीवर तोंडात कपडा धरून पडले होते,” वहिनी पुढे म्हणाल्या, “आणि तू त्याला त्याग म्हणालास. मी तुला पाय सांगितला. ती माझी चूक. तुझ्यावर राग नाही असं म्हणणार होते, पण आहे. तो मी परत आल्यावर सांगेन.”

परखडरावांनी पुन्हा मान हलवली. लग्न झाल्यापासून वहिनींचं बोलणं अथपासून इतिपर्यंत, मध्ये न तोडता ऐकून घेण्याची ही त्यांची पहिलीच वेळ होती.

वहिनींनी हेडफोन काढून कांद्याच्या टोपलीत ठेवले. चपला हातात घेतल्या आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आल्या. आणि तिथे त्यांचे पाय थांबले.

समोर फक्त हॉल होता. रोज झाडायचा, पुसायचा हॉल. पण दिव्यांचा तो पांढरा चौकोन ओलांडायचा नाही, हे अंगात इतकं मुरलं होतं की पाऊल उचलेना. घशात खोकला यावा तसं झालं आणि त्यांनी तो सवयीने गिळला. कॅमेऱ्याशेजारी उभी असलेली मुलगी आईकडे पाहत होती. घड्याळात सहा वाजून गेले होते.

आतल्या दाराशी ठक् असा आवाज झाला. आप्पा लोखंडी आधाराला धरून उभे होते. त्यांनी सुनेकडे पाहिलं, तिच्या हातातल्या चपलांकडे पाहिलं. मग छाती भरून घेतली.

“पुढे चल!”

कपाटातल्या बश्या वाजल्या. खाली गॅरेजमधला हातोडा थांबला. स्क्रीनवर प्रवक्ते विकासाच्या मधोमध गप्प झाले आणि, खोटं कशाला सांगा, जरा ताठ बसले.

वहिनींचा डावा पाय आपोआप उचलला गेला.

त्यांनी चपला जमिनीवर टाकल्या, आवाज करत पायांत सरकवल्या आणि त्या पांढऱ्या चौकोनात शिरल्या. परखडरावांच्या खुर्चीमागे त्या क्षणभर थांबल्या.

“येते मी.”

“सावकाश जा,” परखडरावांच्या तोंडून निघून गेलं. इतक्या वर्षांच्या संसाराचं काहीतरी आपोआप बाहेर पडतंच.

वहिनींनी ग्रंथालय खालच्या कोपऱ्याला धरून उचललं. त्यामागची कडी गंजली होती; ती किंचाळली. दार उघडलं आणि संध्याकाळचा उजेड, रस्त्यावरचे हॉर्न, गॅरेजचा पत्रा असं सगळं एकदम ‘परखड’मध्ये घुसलं. मग पडदा खाली आला, जरासा वाकडा. एका कोपऱ्यातून दाराची चौकट दिसत राहिली.

प्रेक्षकांचे संदेश भराभर उमटू लागले. अरे, मागे दार आहे? मी तर खरीच पुस्तकं समजत होतो. असं सांगतात की त्या क्षणी पुष्कळ पुरुषांनी हातातला फोन खाली करून आपापल्या स्वयंपाकघराकडे पाहिलं. ज्यांनी पाहिलं नसेल, त्यांची वेळ अजून गेलेली नाही.

“त्या बाई कोण होत्या?” प्रवक्त्यांनी विचारलं. सगळ्या मुलाखतीतला हा एकच सरळ प्रश्न.

परखडरावांनी तोंड उघडलं आणि उजव्या कानाला हात लावला. उत्तरं तिथून येत असत. ते वाट पाहत राहिले. स्वयंपाकघरात मुलीने कुकर चढवला होता. काही वेळाने पहिली शिटी झाली.

सात वाजायच्या सुमारास वहिनी डेस्कवर पोचल्या. खुर्ची तीच, करकर तीच. लाल पेन यांनी वर न पाहताच म्हटलं, “आलीस? वृत्तसंस्थेकडून एक चटपटीत बातमी आलीय. शेवटच्या पानाला हवी, चार ओळी कर.”

वहिनींनी वाचलं. ‘लोकप्रिय सूत्रसंचालकाच्या थेट कार्यक्रमात एक अज्ञात महिला अचानक शिरल्याने प्रचंड गोंधळ उडून सर्वत्र एकच खळबळ माजली.’

आधी ‘लोकप्रिय’ गेलं. ‘अचानक’ गेलं, ‘प्रचंड गोंधळ’ गेला, ‘एकच खळबळ’ गेली. कात्री चालत होती. ‘अज्ञात महिला’पाशी त्या थांबल्या. ते खोडून त्यांनी ‘पत्रकार’ असं लिहिलं. मग आणखी एक शब्द बदलला आणि बातमी पुढे सरकवली.

लाल पेन यांनी चष्मा वर करून ती वाचली. चारच्या जागी एकच ओळ उरली होती.

“फारच कापलीस. काही चुकलं होतं का तिच्यात?”

“थोडंसं,” कात्री म्हणाली. “त्यांनी शिरली असं लिहिलं होतं. ती बाहेर पडली होती.”